सातवी-आठवीच्या मुलांशी व्यसनाबद्दल कसं बोलावं: सहा तासिका आणि त्यांच्या आगेमागे करायचं काम

शाळा सुटल्यावर वर्ग आवरताना तिसऱ्या बाकाच्या कप्प्यात खर्ऱ्याची पन्नी सापडली. अर्धी संपलेली, तोंडाला रबर गुंडाळलेलं. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात खर्रा म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पातळ पन्नीत बांधून देतात, तो खर्रा. दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी अख्खी आठवी उभी केली, पन्नी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "कुणाची आहे?" वीस मिनिटं कुणी तोंड उघडलं नाही. बाक कुणाचा ते सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. त्या मुलाने पुढे वर्षभर माझ्याशी नजर मिळवली नाही, आणि नववीत तो शाळेत आलाच नाही. त्या वीस मिनिटांत मी वर्गाला एकच धडा शिकवला होता: काही झालं तरी मॅडमला कळू द्यायचं नाही.

पुढे या विषयावर दरवर्षी सहा तासिका घेत गेले. चुकत, दुरुस्त करत त्यांना आता एक आकार आलाय. तो इथे सविस्तर लिहिते आहे. शिक्षकांना उपयोगी पडेलच, पण गावातल्या अभ्यासिकेत, क्रीडा मंडळात किंवा घरी बारा ते पंधरा वयाच्या मुलांशी बोलणाऱ्या कुणालाही वापरता यावा.

सगळ्यात आधी एक गृहीत धरा. समोर बसलेल्यांपैकी काहींनी आधीच चव घेतलेली आहे. २०१९ च्या जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या तेरा ते पंधरा वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुलं त्या काळात तंबाखू वापरत होती. त्यातल्या बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तर दहावा वाढदिवस येण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणजे आठवीत आपण जेव्हा "पहिल्यांदा घेऊच नका" एवढंच सांगतो, तेव्हा ज्यांना आपली सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे एकही वाक्य नसतं. ती मुलं खाली मान घालून बसतात आणि तास संपायची वाट बघतात. माझ्या सहा तासिकांचा सगळा डोलारा त्या मुलांसाठी उभा आहे.

काय सोडून द्यायचं

३१ मेचा तंबाखूविरोधी दिन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, २६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन शाळा सुरू होण्याच्या गडबडीत. मग कधीतरी एक प्रभातफेरी, एक शपथ, सडलेल्या जबड्यांची चित्रं आणि व्यसनातून बाहेर आलेल्या एखाद्या माणसाचं भाषण. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने जगभरातले अभ्यास तपासून प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं काढली आहेत. त्यात नुसती माहिती देणं, भीती घालणं आणि माजी व्यसनींची मनोगतं ऐकवणं, या तिन्ही गोष्टी शाळेत परिणाम देत नाहीत असं स्वच्छ म्हटलंय. अमेरिकेत १९८३ मध्ये पोलिसांना वर्गात पाठवून शिकवण्याचा डेअर नावाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. तो देशभर पसरला, कोट्यवधी मुलांनी त्याची शपथ घेतली, आणि अभ्यासांत दिसलं ते असं की त्याने मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक पडत नाही. शेवटी त्यांनाही अभ्यासक्रम बदलावा लागला.

असं का होतं ते आपल्या गावात बघूनही कळतं. जबड्याचं भयानक चित्र मुलगा बघतो आणि घरी गेल्यावर त्याला आजोबा दिसतात, चाळीस वर्षं तंबाखू खाणारे आणि धडधाकट. मग एक तर आजोबा खोटे, नाहीतर मॅडम. मूल आजोबांची बाजू घेणार, घ्यावीही. म्हणून अतिशयोक्ती करू नका. "एकदा घेतलं की संपलं" हे खरं नाही आणि ज्याने एकदा घेतलंय त्याला ते खोटं असल्याचं ठाऊक असतं. एक वाक्य खोटं ठरलं की पुढची दहा खरी वाक्यंही वाया जातात.

वर्गात जाण्याआधी

मुख्याध्यापकांशी एक गोष्ट ठरवून घ्या, शक्यतो लिहून: या तासिकांच्या निमित्ताने जे मूल स्वतःहून काही सांगेल, त्याला शिक्षा होणार नाही, शाळेतून काढणार नाही, परिपाठात नाव येणार नाही. हे ठरलं नसेल तर तासिका सुरूच करू नका. मुलाने विश्वासाने सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला कार्यालयाबाहेर उभं करायचं, यासारखा दगा नाही.

पालकसभेत अर्धा तास मागून घ्या. समोर बसलेल्या बऱ्याच वडिलांच्या खिशात खर्रा असतो, काहींच्या तोंडात असतो. त्यांना लाज वाटेल असं बोललात तर ते पुढच्या सभेला येत नाहीत. मी तीनच मागण्या करते. पोराला पानठेल्यावर आणायला पाठवू नका. घरात पोराने काही कबूल केलं तर त्या दिवशी हात उगारू नका. आणि "मी खातो, मला सुटत नाही, तू लागू नको" हे एकदा त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा. तिसरी मागणी ऐकून सभा गप्प होते. पण सभा संपल्यावर थांबून बोलणारे वडील मला दरवर्षी भेटले आहेत.

शाळेभोवती एक फेरी मारा. २००३ च्या सिगारेट आणि तंबाखू उत्पादने कायद्याच्या कलम ६ नुसार अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. तंबाखूमुक्त शाळेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत या हद्दीवर पिवळी रेघ मारायला सांगितलंय. रेघ असो की नसो, ठेला कुठे आहे, मुलं कुठे घुटमळतात, पंक्चरच्या दुकानामागे कोण बसतं, हे तुम्हाला माहीत असायला हवं. मात्र मुलांना ठेलेवाल्यांशी भांडायला किंवा पुरावे गोळा करायला कधीही पाठवू नका. ते काम मोठ्यांचं, शाळा व्यवस्थापन समितीचं.

पहिली तासिका: चिठ्ठ्या

सगळ्यांना सारख्या आकाराचे कागद द्या. नाव लिहायचं नाही, प्रश्न लिहायचा. ज्याला प्रश्न नाही त्याने "मला प्रश्न नाही" हे वाक्य तीनदा लिहायचं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांची पेन्सिल सारखा वेळ चालली तरच कोण लिहितंय हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात गोळा करा आणि वर्गात उघडू नका. घरी नेऊन वाचा.

कसे प्रश्न येतात त्याचा अंदाज यावा म्हणून काही सांगते. "खर्रा खाल्ल्यावर दाढ दुखायची थांबते, मग तो वाईट कसा?" "भांग देवाला चालते, मग गांजाला पोलिस का पकडतात?" "एकदाच घेतलं तर लागते का?" "बाबा रोज पितात, ते मरतील का?" हा शेवटचा प्रश्न दरवर्षी येतो, वेगवेगळ्या अक्षरांत.

त्याच तासिकेत आणखी एक कागद फिरवा. प्रश्न असा: आपल्या वयाच्या शंभर मुलांपैकी किती जण तंबाखू वापरत असतील? माझ्या वर्गात चाळीस, साठ, एकाने तर नव्वद लिहिलं होतं. मग फळ्यावर देशाचा आकडा लिहायचा: शंभरात आठ-नऊ. तुमच्या गावात तो कमी-जास्त असेल, तसं सांगा. पण मुलांच्या अंदाजाच्या जवळपासही नसतो. "सगळेच घेतात" ही समजूत मुलाला ठेल्याकडे ढकलणारी फार मोठी शक्ती आहे, आणि ती बहुतेक वेळा खोटी असते. न घेणाऱ्याला आपण एकटे आहोत असं वाटत असतं. तो आकडा बघून त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

तासिका संपण्याआधी बोलण्याचे नियम सांगा. कुणाचं नाव घ्यायचं नाही. घरातली गोष्ट "माझ्या ओळखीचे एक जण" म्हणून सांगायची. आणि तुमच्याकडून एक स्पष्ट कबुली: "तुम्ही मला एकट्यात सांगितलेलं मी इकडे तिकडे बोलणार नाही. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुम्हाला त्रास देत असेल किंवा तुमच्याकडून माल पोचवून घेत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल. ती बोलवायच्या आधी तुम्हाला सांगेन." ही मर्यादा आधीच सांगितलेली असली म्हणजे नंतर मुलाला फसवल्यासारखं वाटत नाही.

दुसरी तासिका: धानाच्या बांधीतली पायवाट

लत कशी लागते हे मेंदूवरून शिकवा. मुलांना हा भाग मनापासून आवडतो, कारण यात उपदेश नसतो.

आमच्याकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धानाची बांधी असते. एकदा कुणी गवतातून चाललं तर दुसऱ्या दिवशी खूण उरत नाही. रोज चाललं की पायवाट पडते, आणि मग पाय आपोआप तिकडेच वळतात. मेंदूतही तसंच होतं. भूक लागल्यावर जेवलो, सामना जिंकलो, मैत्रिणीने हाक मारली, की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि "हे पुन्हा कर" अशी नोंद होते. निकोटिन, दारू, गांजा हे पदार्थ तीच नोंद जबरदस्तीने आणि जोरात करून घेतात. सिगारेटच्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. खर्ऱ्यातलं गालाच्या आतल्या त्वचेतून सावकाश शिरतं, पण बराच वेळ शिरत राहतं.

मग विचारा: पहिल्यांदा तंबाखू खाणाऱ्याला काय होतं? वर्ग लगेच सांगतो, गरगरतं, मळमळतं, उलटी होते. काही मुलं जरा जास्तच नेमकं सांगतात. तिकडे लक्ष गेल्याचं दाखवू नका. ती चक्कर म्हणजे शरीराचा नकार. आठ-दहा वेळा घेतल्यावर चक्कर येत नाही, आणि मुलाला वाटतं "आता मला झेपतं". खरं तर मेंदूने स्वतःला त्या पदार्थाभोवती जुळवून घेतलेलं असतं. आता पूर्वीइतकाच परिणाम हवा असेल तर जास्त लागतं, आणि मिळालं नाही तर चिडचिड होते, डोकं दुखतं, अभ्यासात मन लागत नाही.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. हे सांगून मी फळ्यावर शाळेचं वेळापत्रक काढते. अकराला घंटा, मधली सुट्टी दीडला. लत लागलेल्या मुलाला गणिताच्या तासाला अस्वस्थ का वाटतं, ते कुणी न सांगता वर्गाला दिसतं. एकदा एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे ते गणितानं नाही होत." मी फक्त मान हलवली.

दोन गोष्टी इथेच पक्क्या करा. कपाळामागचा मेंदूचा भाग थांबायला, पुढचा विचार करायला लावतो. तो पूर्ण तयार व्हायला वयाची साधारण पंचवीस वर्षं जातात, म्हणून तेराव्या वर्षी पडलेली पायवाट तिसाव्या वर्षी पडलेल्या वाटेपेक्षा खोल जाते. आणि दुसरी: पायवाटेवर चालणं थांबलं की गवत पुन्हा उगवतं. तंबाखू सोडल्यावरचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. ही दुसरी गोष्ट न सांगता तासिका संपवू नका.

तिसरी तासिका: कोणत्या पदार्थाने काय होतं

इथे सगळ्या पदार्थांना सारखा वेळ देण्याची गरज नाही. तुमच्या गावात, तुमच्या मुलांच्या हाताला काय लागतं तिथून सुरुवात करा. मुंबई-पुण्यातल्या शाळेत व्हेप (ई-सिगारेट) आणि एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) याबद्दल विचारतील. आमच्याकडे पहिला खर्रा, मग दारू, मग व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन. एक पथ्य मात्र सगळीकडे सारखं: किंमत, छाप, कुठे मिळतं, कसं घेतात, किती घेतल्यावर चढतं, हे काहीही सांगू नका. परिणाम सांगा, पद्धत नाही.

सुपारीपासून सुरू करा, कारण "आमची तर साधी सुपारी आहे" ही पळवाट सगळ्यांकडे असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सुपारीमुळे गालाची आतली कातडी आखडून कडक दोऱ्यांसारखी होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. आधी तिखट सोसत नाही, मग भाकरीचा मोठा घास जात नाही. हा आजार कर्करोगाआधीची पायरी मानला जातो, आणि आखडलेलं तोंड पूर्ववत होणं अवघड असतं. पण लवकर थांबलं तर पुढचं टळू शकतं.

याची एक सोपी चाचणी आहे. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं जुळवून, उभी, पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. निरोगी तोंडात ती सहज मावतात. पहिल्या वर्षी मी ती वर्गातच करून घेतली. सगळी हसत तोंडात बोटं घालत होती, आणि खिडकीजवळच्या एकाची दोनच बोटं गेली. त्याने पुन्हा करून बघितलं, डोकं जरा मागे टाकून, जोर लावून. शेजारच्याने पाहिलं, मग मागच्याने. मुलाचे कान लाल झाले. तेव्हापासून ही चाचणी मी फक्त समजावून सांगते आणि घरी आरशासमोर करायला लावते. दुसऱ्या दिवशी खोक्यात चिठ्ठी टाकायची: तीन, दोन की एक. ज्याला भेटायचं असेल त्याने कोपऱ्यात फुली मारून नाव लिहायचं. मुलं घरच्यांचीही चाचणी घेतात. एका चिठ्ठीवर "आजी: एक" असं लिहून आलं होतं. त्या आजीला आशाताईंबरोबर ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवता आलं.

मुलींना या तासातून सूट देऊ नका. मशेरी, गुडाखू, दात घासायची तंबाखू ही घराघरात बायकांच्या हाताला असते आणि मुलींची सुरुवात तिथून होते. ते मंजन आहे, व्यसन नाही, असं त्यांना वाटत असतं.

व्हाइटनर, सोल्यूशन अशा हुंगायच्या पदार्थांबद्दल थोडं पण ठामपणे बोला. एम्सने केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत बाकी बहुतेक व्यसनं मोठ्यांमध्ये जास्त दिसली, हे एक मात्र उलटं होतं: मुलांमध्ये १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. या वाफांनी हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्या वेळीसुद्धा. इथे भीती घालण्याचा प्रश्न नाही, ही वस्तुस्थिती आहे, आणि "एकदा घेतलं की संपलं" हे वाक्य मी उगाच वापरत नाही म्हणूनच इथे त्याला वजन येतं.

दारूबद्दल आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना वेगळंच काही माहीत असतं. २०१५ मध्ये इथे दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. दोन्ही काळांत गावात काय चालायचं ते त्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं असतं. बंदी चांगली की वाईट या वादात तासिका घालवू नका. मुलांना हे सांगा की वाढत्या वयात दारू स्मरणशक्ती आणि शिकण्यावर घाला घालते, आणि थोड्या वेळात भरपूर प्यायल्याने श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. गांजाबद्दल: झाडापासून आलेलं सगळंच औषध नसतं, धोतराही झाडच आहे. कोवळ्या वयात नेमाने गांजा ओढणाऱ्यांचं लक्ष आणि स्मरण कमी होतं, आणि काहींना, विशेषतः घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर, भास आणि संशयाचा आजार होण्याचा धोका वाढतो. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. ती नुसती वाफ नसते, त्यात बहुधा निकोटिनच असतं.

चौथी तासिका: नाही म्हणायचा सराव

"नाही म्हणायला शिका" असं म्हटल्याने कुणी शिकत नाही. सायकल शिकवतो तसं करून घ्यावं लागतं.

तिघा-तिघांचे गट करा: एक आग्रह करणारा, एक नाही म्हणणारा, एक बघणारा. आग्रह मुलांच्याच भाषेत हवा. "अबे घे ना, एकानं काय होते?" "घाबरला का बे आईला?" "आमच्यात राहाचं असन तर..." मग उत्तरं काढून घ्या. भाषण देणारी उत्तरं मैदानावर टिकत नाहीत. टिकतात ती छोटी, चेहरा न पाडणारी: "नाही बे, उलटी होते मला." "आई रोज तोंडाचा वास घेते." "कबड्डीच्या सरांनी पाहिलं तर टीममधून काढतीन." "तू खा, मी जातो, बैल सोडाचे आहेत." आईवर, सरांवर ढकलणं ही पळवाट नाही, ती ढाल आहे. पालकसभेत हे पालकांनाही सांगून ठेवा, म्हणजे ते आनंदाने ढाल होतील.

बघणाऱ्याचं काम सर्वांत मोलाचं. तो सांगतो, कुठल्या क्षणी नाही म्हणणाऱ्याचा आवाज बारीक झाला. शिवाय बघणाऱ्यालाच पुढे शिकवता येतं की मित्र अडचणीत दिसला तर "चल, सर बोलावून राहिले" म्हणून त्याला ओढून काढता येतं. एकट्याने नाही म्हणण्यापेक्षा दोघांनी म्हणणं फार सोपं आहे.

दुसरा प्रसंग मोठ्या माणसाचा घ्या, कारण आपल्या गावात पहिली ओळख मित्रापेक्षा मामा-काकांमुळे होते. "जा रे, दोन खर्रे घोटून आण." मूल आणतं, वाटेत चिमूटभर तोंडात टाकतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मुलांनी मामाच्या तोंडावर फेकावं असं मी शिकवत नाही. "मामा, ठेलेवाला लहान पोराले देत नाही म्हणते" एवढं पुरतं, आणि मुलांना ते जमतं.

पाचवी तासिका: घरात व्यसन असेल तर

ही तासिका मी सगळ्यात शांतपणे घेते. "बाबा मरतील का?" ही चिठ्ठी इथे वाचायची, अक्षर कुणाला दिसू न देता.

उत्तर खरं द्यायचं. दारूने यकृत खराब होतं, काही माणसं दगावतात, बरीच उपचाराने बरी होतात. मग मुलांना हे सांगायचं: बाबा पितात ते तुझ्यामुळे नाही. तू पहिला नंबर आणलास म्हणून ते थांबणार नाहीत आणि नापास झालास म्हणून वाढणार नाही. बाटली लपवणं, शोधत फिरणं, ओतून देणं हे तुझं काम नाही. तुझं काम सुरक्षित राहणं. भांडण पेटलं तर कुठल्या घरी जायचं ते आजच आईबरोबर ठरव. लहान भावंडाला बरोबर ने. मार बसत असेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन लाव.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हेही इथेच येतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी सुरुवातीला आर्थिक हातभार लावला. हे मी मुलांना सांगते, कारण "दारुड्या" या शब्दापलीकडे बापाकडे बघायला त्यांना काहीतरी हवं असतं. या तासाला कुणी रडलं तर रडू द्या. पाणी द्या, विषय बदलू नका, सगळ्यांसमोर जवळही घेऊ नका.

सहावी तासिका: साडेचार ते सात

आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ वर आले. त्यांनी वर्गातल्या भाषणांवर भर दिला नाही. मुलांच्या संध्याकाळी भरल्या: खेळ, संगीत, त्यासाठी सरकारी पैसा, आणि आईवडिलांनी मुलांबरोबर जास्त वेळ घालवायचा असा करार. तो देश लहान आणि श्रीमंत, आपल्याकडे तेवढा पैसा नाही. पण शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंतचे अडीच तास आपल्याकडेही रिकामेच आहेत. या तासिकेत मुलांकडून ते तास कागदावर मांडून घ्या: कोण कुठे असतं, कुणाबरोबर, काय करतं. आम्ही यातून एवढंच करू शकलो की आठवड्यातून चार दिवस मैदान सातपर्यंत उघडं राहतं आणि दोन माजी विद्यार्थी कबड्डी घेतात. ठेल्याजवळची गर्दी त्या चार दिवशी कमी असते, मी येता-जाता बघते.

मूल सांगायला येतं तेव्हा

बहुतेक वेळा ते दारातून निघताना, पाठमोरं असताना सांगतं. "मॅडम, मी रोज नाही खात." पहिलं वाक्य ठरवून ठेवा. माझं आहे: "सांगितलंस, बरं केलंस. बस." त्यानंतर विचारा: कधीपासून, दिवसातून किती, सकाळी उठल्या उठल्या लागतं का, सोडून पाहिलं होतं का? कुणी दिलं, कुठून आणलं, हे पहिल्या दिवशी विचारू नका. तो तपास वाटतो.

घरी कुणाला सांगायचं ते मुलाबरोबर ठरवा. बाप मारणारा असेल तर आई, आजी, मोठी बहीण. मग सोडायचा दिवस ठरवा, शक्यतो सुट्टीला जोडून. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ ढकलायचा: पाणी प्यायचं, दीर्घ श्वास घ्यायचा, खिशातली बडीशेप किंवा फुटाणे चावायचे, जागा सोडून चालायला लागायचं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा क्रमांक फुकट आहे. दारू, गोळ्या, गांजा किंवा आणखी काही असेल तर १४४४६. रोज बरीच दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये, त्यात जिवाला धोका असतो. पोलिस केस होईल म्हणून घाबरणाऱ्या पालकांना सांगा की स्वतःच्या वापरापुरता पदार्थ घेणाऱ्याने आपणहून उपचार पत्करले तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये त्याला खटल्यापासून संरक्षण आहे.

हुंगलेल्या अवस्थेत मूल सापडलं तर ओरडू नका, पाठलाग करू नका. दचकून धावल्यानेच हृदय थांबू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत आणा. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, उलटी करवू नका आणि १०८ ला फोन करा.

पुन्हा सुरू झालं तर? होतं. आमच्याकडच्या एका मुलाने चार वेळा खर्रा सोडला. प्रत्येक वेळी येऊन सांगितलं, आणि पाचव्यांदा सोडला तो दहावीपर्यंत तरी सुटलेला होता.

शेवटचं काम खोक्याचं. सहा तासिका संपल्या म्हणून ते उचलू नका. वर्षभर राहू द्या आणि दर सोमवारी उघडा, रिकामं असलं तरी. फोन क्रमांकांचा कागद कार्यालयाच्या फलकावर लावू नका, तिथे थांबून वाचणारं मूल सगळ्यांना दिसतं. तो मुलांच्या आणि मुलींच्या संडासाच्या दाराला आतून, डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. पावसाळ्यात ओल धरून तो गळून पडतो, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर नवा लावायची आठवण ठेवा.